एकोणिसावी सूचना

कृष्णकांत खानझोडे यांनी आधी खिडक्या लावल्या, मग पडदे ओढले, आणि घरात आपल्याशिवाय कोणी नाही हे पक्कं ठाऊक असतानाही एकदा मागे वळून पाहून इस्त्रीचं बटण दाबलं. मे महिन्याची दुपार होती. बंद खोलीत कपाळावरचा घाम थेट शर्टावर पडत होता, त्यामुळे वेगळं पाणी शिंपडायची गरज नव्हती. तीन शर्ट नीट झाले. चौथ्याच्या पाठीवर, बरोबर मधोमध, इस्त्रीने आपला पूर्ण ठसा उमटवला. तेवढा वेळ ते पडद्याच्या फटीतून खाली पाहत होते.

खाली, कंपाउंडच्या भिंतीला लागून, कडुनिंबाच्या सावलीत प्रेमिलाचा प्रेसचा ठेला होता. नागपुरातल्या खामल्यातली ती सगळी गल्ली तिच्याकडे कपडे द्यायची. बायको, सुमती, होती तोवर खानझोड्यांचे कपडेही तिथेच जायचे. आता एकट्या म्हाताऱ्याचे सात शर्ट आणि चार पँटी एकाच दिवशी प्रेसला गेल्या असत्या, तर तो गावाला निघाला हे कोणालाही कळलं असतं. आणि ते कोणालाही कळू द्यायचं नव्हतं.

"स्वेटरच्या आत चालेल," असं इस्त्रीला सांगून त्यांनी जळका शर्ट घडी करून बॅगेत टाकला.

खानझोडे चौतीस वर्षं एका विमा कंपनीत दावे तपासत होते. आग लागली, चोरी झाली, गोदामात पाणी शिरलं असं कोणी कळवलं, की तिथे जाऊन ते खरंच तसं झालं का हे बघायचं. या नोकरीतून त्यांना निवृत्तिवेतनाखेरीज दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक म्हणजे, फॉर्मवर खरं कोणी लिहीत नाही. दुसरी म्हणजे, चोर कुलूप पाहून येत नाही. घर आपण होऊन सांगतं तेव्हा येतो. दाराशी साचलेले पेपर सांगतात, दिवसाढवळ्या जळणारा बल्ब सांगतो, कोरडं अंगण सांगतं.

म्हणून त्यांनी पेपर मार्चमध्येच बंद केला, म्हणजे मे महिन्यातल्या बंदशी त्याचा कोणी संबंध जोडणार नाही. दूधवाल्याला एप्रिलमध्ये सोडलं. समोरच्या खोलीतल्या दिव्याला टायमर लावला, सातला लागेल, दहाला विझेल. खिडकीतल्या कूलरलाही एक लावला, पण पाण्याचा पंप बंद ठेवून नुसत्या पंख्यासाठी; आवाजाला पाणी लागत नाही. गॅलरीतल्या दोरीवर एक बनियन आणि एक पंचा वाळत घातला. तळमजला भाडेकरू गेल्यापासून बंदच होता, त्याची चिंता नव्हती. कूलरच्या टाकीतला, टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉल मात्र गेली कित्येक वर्षं बिघडलेला होता. सकाळी नळ सोडला की टाकी भरून बाजूच्या नळीतून पाणी खाली सांडत राहायचं. सुमतीला सांगितलं की ती म्हणायची, "राहू द्या, पुढच्या महिन्यात बसवू." असे बरेच पुढचे महिने गेले होते. खानझोड्यांनी या खेपेला नवा बॉल आणून खिडकीत ठेवला. आल्यावर पहिलं काम ते.

सहल खरं तर सुमतीची. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, अकरा दिवस. पेपरातली जाहिरात कापून तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावली होती. ती गेल्यावर अडीच वर्षं कागद तसाच होता. मग एक दिवस चुंबक आपोआप पडला. खानझोड्यांनी खाली वाकून कागद उचलला आणि त्यावरच्या नंबरवर फोन केला.

सहलीआधीची बैठक धंतोलीतल्या एका हॉलमध्ये झाली. मुग्धा नावाची टूर मॅनेजर साठीच्या पुढच्या सगळ्यांना काका-काकू म्हणत होती, त्यामुळे तिला एकच नाव लक्षात ठेवलं तरी चालत होतं. तिने प्रत्येकाला एक छापील पत्रक दिलं: परदेशात सुरक्षित राहण्यासाठी बावीस सूचना.

"काका, तुम्ही पासपोर्ट कुठे ठेवणार?"

"सांगणार नाही."

"परफेक्ट!" मुग्धा हॉलकडे वळली. "बघा, असं उत्तर पाहिजे."

हॉलने टाळ्या वाजवल्या. खानझोडे आदर्श ठरले, आणि आदर्श माणसाच्या शेजारी सहसा बसतात तितकेच लोक त्यांच्या शेजारी बसले.

घरी येऊन त्यांनी एकेका सूचनेसमोर खूण करत आणली. सूचना तीन: चोरखिसा. तो त्यांनी स्वतः पँटीच्या कमरेला आतून शिवला, पासपोर्ट घालून वरून टाके मारले. सूचना सात: मागून कोणी हाक मारली, 'तुमचं काही पडलं' असं सांगितलं, तर थांबू नका. सूचना आठ: गर्दीत मिसळा. सूचना अकरा: फोन दिसेल असा बाळगू नका. तोही बंद होऊन दुसऱ्या चोरखिशात गेला. चौदाव्या सूचनेत खोटा पोलीस होता, पंधराव्यात मनगटावर आपणहून दोरा बांधणारा मित्र.

एकोणिसाव्या सूचनेपाशी पेन थांबलं.

'पासपोर्ट व तिकिटांच्या प्रती आणि प्रवासाचा तपशील घरी एका विश्वासू व्यक्तीजवळ ठेवा. त्या व्यक्तीचं नाव, नातं आणि भारतातील फोन नंबर सोबतच्या फॉर्मवर भरा.'

मुलगा गौरांग कॅलगरीला होता. त्याला सगळं कळवलं, त्यावर उंचावलेला अंगठा आला. पण नंबर भारतातला पाहिजे होता. शेजारचे मनोहरराव विश्वासू होते, पण बागेतला पहिला फेरा पूर्ण व्हायच्या आत त्यांनी सगळ्यांना विश्वासात घेतलं असतं. अमरावतीच्या वहिनींना फोनवर ऐकू येत नव्हतं. ऑफिसातल्या उन्मेषचा नंबर डायरीत सापडला. लावून पाहिला तर तो आता एका केश कर्तनालयाचा होता. तिथल्या माणसाने अगत्याने यायचं आमंत्रण दिलं.

दोन दिवस फॉर्म टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी खानझोड्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. नाव: सुमती कृष्णकांत खानझोडे. नातं: पत्नी. फोन: घरचा.

मग सगळ्या प्रती एका पाकिटात घालून त्यांनी ते सुमतीच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे खोटे फॉर्म पकडले होते. स्वतः भरलेला हा पहिलाच. कोणी पकडला नाही.

*

प्रागमध्ये थंडी होती. नागपूरकर मे महिन्यात युरोपला जातो त्यात युरोपचा वाटा निम्माच असतो, उरलेला निम्मा नागपुराचा. सहलीतले लोक जोडीजोडीने फोटो काढत होते. खानझोड्यांना अधूनमधून "काका, जरा आमचा काढता का?" असं विचारलं जायचं. कोणी त्यांना उलट विचारलंच, तर सूचनेप्रमाणे ते आपला फोन बाहेर काढत नसत.

त्यांना आवडायची ती मोजणी. बसमध्ये चढलं की मुग्धा बोट नाचवत मोजत यायची, आणि शेवटी मोठ्याने म्हणायची, "एकतीस!" आपल्यावाचून तीस होतात, हे दिवसातून चार वेळा ऐकायला मिळायचं.

पाचव्या दिवशी, जुन्या घड्याळाच्या चौकात सगळ्यांना पाऊण तास मोकळा दिला. खानझोडे एका बाकावर बसले, दुपारची गोळी घेतली आणि उठून चालू लागले. दहा पावलं गेले असतील. मागून हाक आली. बाईचा आवाज.

ते थांबले नाहीत.

पुन्हा हाक आली, जवळून. त्यांनी पावलं उचलली. सूचना आठनुसार ते गर्दीत मिसळले. गर्दीतूनही आवाज मागे येत राहिला. ते एका गल्लीत वळले, मग दुसऱ्या, मग पायऱ्या उतरून तिसऱ्या गल्लीत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी इतक्या वेगाने ते शेवटचे कधी चालले होते ते त्यांना आठवेना. तिसरी गल्ली एका अंगणात संपत होती. तिथे चार सायकली उभ्या होत्या आणि समोर भिंत होती.

खानझोडे भिंतीला पाठ लावून वळले. दोन्ही हात कमरेवरच्या चोरखिशांवर गच्च दाबले.

बाई साठीची होती. पिकलेले आखूड केस, हातात भाजीची पिशवी. ती धापा टाकत होती. दुसऱ्या हातात तिने पुढे धरला होता तो त्यांचा गोळ्यांचा डबा. सात कप्प्यांचा. प्रत्येक कप्प्यावर सुमतीने नेलपॉलिशने लिहिलेलं: सो, मं, बु.

त्यांनी हात कमरेवरून काढले नाहीत. बाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने डबा हळूच पायरीवर ठेवला, दोन्ही तळवे वर करून त्यांना दाखवले, आणि तशीच, अनोळखी कुत्र्यापासून दूर व्हावं तशी, पाठमोरी न होता चार पावलं मागे गेली. मग वळली आणि निघून गेली.

पत्रकाच्या मागच्या पानावर प्रत्येक देशाच्या भाषेतले चार शब्द दिले होते: नको, दूर व्हा, मदत, पोलीस. खानझोड्यांनी सगळे पाठ केले होते. त्यांना त्या वेळी लागत होता तो पाचवा.

परत यायला रस्ता सापडेना. चौकात पोचले तेव्हा मुग्धा झेंडा बगलेत मारून उभी होती.

"काका! कुठे होतात? चार वेळा मोजलं, तीसच होत होते. फोन का बंद?"

"सूचना अकरा."

"अहो काका..." तिने डोळे मिटून घेतले. "मी तुमच्या घरीसुद्धा फोन लावला. आठ-दहा वेळा तरी. नुसता वाजत राहिला. काकूंनी उचललाच नाही."

खानझोड्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन तास मिळवले.

"दुपारी झोपतात त्या," ते म्हणाले.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. पॅसेजमधला फोन, त्यावरचं सुमतीने विणलेलं झाकण, बंद खिडक्या, टायमरवर फिरणारा कूलर. आठ-दहा वेळा. मुग्धा मोजत आली. "एकतीस!" ती म्हणाली. या वेळी ते नीट ऐकू आलं नाही.

*

नागपूरच्या विमानतळावर मोजणी झाली नाही. तीस जणांना घ्यायला कोणी ना कोणी आलं होतं, आणि ज्याला त्याला आपलाच माणूस मोजायचा होता. सकाळचे साडेनऊ, आणि ऊन आत्ताच डोक्यावर. खानझोड्यांनी स्वेटर काढून हातावर टाकला. ऑटो घराच्या आधीच्या कोपऱ्यावर सोडली, आणि चाकं वाजू नयेत म्हणून बॅग उचलून गल्लीत आले.

योजना यशस्वी झाली होती. फाटक तसंच, कुलूप तसंच. बनियन आणि पंचा दोरीवर वाळून कडक झाले होते. मनोहरराव समोरून स्कूटरवर गेले आणि रोजच्यासारखा हात केला. बारा दिवस खानझोडे नव्हते, आणि ते कोणालाही कळलं नव्हतं. ते फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले. इतकं निर्दोष काम त्यांच्या हातून नोकरीतही झालं नव्हतं.

मग त्यांना ती ओल दिसली.

वरच्या कूलरच्या नळीखाली, कंपाउंडच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेची हातभर जमीन ओली होती. भिंतही गुडघाभर भिजलेली. आत्ताच. या उन्हात तासाभरापूर्वीचं पाणीही टिकलं नसतं. खानझोडे सवयीने उकिडवे बसले, मातीला बोट लावलं, वर पाहिलं. नळीचं तोंड धुळीने माखलं होतं आणि त्यावर कोळ्याचं आख्खं जाळं होतं. पाणी वरून आलेलं नव्हतं.

"बाप्पा! हे कोनं जाळलं जी?"

मागून हाक आली. खानझोडे वळले.

प्रेमिला ठेल्यावरून त्यांच्या पाठीकडे बोट करत होती. शर्टावरच्या इस्त्रीच्या ठशाकडे. "माह्याकडे दिला असता तं झालं नसतं."

"इथे पाणी कोणी टाकलं?" ते म्हणाले.

"मी. अजून कोन टाकन?"

"का?"

"काहून म्हणजे? तुमी गेले आन् हे सुकलं. सुकलेलं दिसलं का लोकं समजते, घरी कोनी नाही म्हणून. मंग येता-जाता एक लोटा मारून देत होती."

खानझोडे उभे राहिले. "मी कुठे गेलो होतो?"

"ते मले काय मालूम? तुमी सांगतलं नाही, मी विचारलं नाही." तिने कोणाच्या तरी पँटीची घडी घातली. "पन कोरडा कूलर कोन चालवते जी मे महिन्यात? नुसता फडफड करून राहिला होता. आन् तुमचावाला दिवा. बराबर सातले. रोज बराबर सातले. मानूस घरी असला तं कधी भुलते, कधी उशीर करते. एवढा बराबर मानूस नाही राहत."

खानझोड्यांनी वर, समोरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

"एक जन आला होता बॅग घेऊन. पान्याची मशीन दुरुस्त करतो म्हणे. वर कोनी आहे काय म्हणे, दोनदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, आहे ना साहेब, झोपून राहिले. उठवू काय? लय भांडखोर आहे म्हटलं."

"भांडखोर?"

"आता काही तं सांगाच लागते."

तिने प्रेस उचलली, तळ पाहिला, परत ठेवली. पुढचं ती प्रेसकडे पाहूनच बोलली.

"मले भेव लागलं ते फोनचं. एक दिवस दुपारून लय वाजला. वाजे, बंद होये, पुन्हा वाजे. म्हटलं, गेले तिथं काही झालं का काय. आता कोनाले विचारू? कुठं गेले तेच नाही मालूम. इथंच उभी राहून ऐकत राहिली. सरिताबाईची साडी जाळली त्या दिवशी. नवीवाली."

गल्लीतून एक सायकल गेली. खानझोड्यांनी स्वेटर या हातावरून त्या हातावर घेतला.

"पाणी कुठून आणायचीस?"

"त्या तिकडच्या नळाहून. नाही तं रोज तुमचंच राहते ना, वरून येते ते. बाईनंच सांगतलं होतं, नळीखाली बादली लावत जाय, कपड्यावर माराले होते म्हणून. बादली बी त्यांचीच आहे."

ठेल्याच्या सावलीत हिरवी बादली होती. ती खानझोड्यांनी ओळखली. आठ-नऊ वर्षांपूर्वी ती फुटली, फेकून दिली, असं सुमतीने त्यांना सांगितलं होतं. दावा तोंडी होता. त्यांनी तपासला नव्हता. बादलीला कुठेही तडा नव्हता.

त्यांनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून पत्रक काढलं, एकोणिसाव्या सूचनेपर्यंत घडी उलगडली, पेन शोधलं.

"तुझा फोन नंबर सांग."

"कायले जी?"

"शर्टांसाठी."

"शर्टाले फोन लागते काय?" प्रेमिला म्हणाली, पण नंबर तिने सांगितला, दोन-दोन आकड्यांनी, आणि त्यांनी तो नीट लिहिला का हे मान उंचावून पाहिलं.

"आडनाव?"

"खोब्रागडे. आडनाव बी लागते शर्टाले?"

"फॉर्म आहे तो," खानझोडे म्हणाले.

वर घरात बारा दिवसांची कोंडलेली हवा होती. त्यांनी पडदे सारले, खिडक्या उघडल्या. टायमरच्या पिना काढल्या. सुमतीच्या कपाटातून, साड्यांखालून पाकीट काढलं आणि टेबलावर पत्रकाशेजारी ठेवलं. मग कूलरच्या टाकीत नळी सोडून नळ उघडला.

टाकी तापलेली होती. पहिलं पाणी तळाशी चरचरलं. नवा बॉल खिडकीत होता तिथेच होता, कागदाच्या वेष्टणात. खानझोड्यांनी तो उचलला, थोडा वेळ हातात फिरवला, आणि टेबलाच्या खणात अगदी मागे सारून खण लावून टाकला.

मग ते खिडकीशी उभे राहिले. पाणी अर्ध्यावर आलं, खुणेपर्यंत आलं, खुणेच्या वर गेलं. नळीच्या तोंडावरचं जाळं थरथरलं आणि तुटलं.

खाली बादली सरकवल्याचा आवाज आला.